एरवी ज्याला तात्याबा म्हणतात

माधवनगर,
ता. ११ फेब्रुवारी १९४६

नाथाजी गड्या, रामराम.

वर्षभर तुला एक ओळ लिहिली नाही आणि आता गळ्याशी आल्यावर लिहितोय, तेव्हा आधी मनसोक्त शिव्या दे आणि मग पुढं वाच. तू तिकडं वाईत पोरांना इंग्रजी शिकवतोस, घाटावर फिरायला जातोस. मी इथं गिरणीत मागांच्या खडखडाटात बहिरा होत चाललोय. बायको म्हणते, घरातसुद्धा ओरडून बोलता.

माझी थोरली बहीण हरणाबाई तुला आठवत असेल. साताऱ्याच्या बोर्डिंगात असताना एका दिवाळीला आपण दोघं तिच्या वाडीला गेलो होतो, म्हसवडच्या बाजूला. तू तिथं मेंढीचं दूध प्यालास आणि दोन दिवस पोट धरून बसलास. त्या हरणाताईचा एकुलता एक मुलगा तात्याबा सहा वर्षं पलटणीत होता. इटलीच्या लढाईतून तो गेल्या दसऱ्याला धडधाकट परत आला. दाजी तर पोर लहान असतानाच गेले, त्यामुळं तिला जगात तेवढंच एक माणूस आहे.

लढाईवरून आलेल्यांसाठी पोस्टात काही जागा ठेवल्यात. तात्याबानं पोस्टमनच्या जागेसाठी अर्ज केला. दहिवडीच्या भागात नेमणूक झाली तर त्याला घरी राहून नोकरी करता येईल. नाही झाली तर त्याच्या जुन्या साहेबानं आसामात चहाच्या मळ्यावर चौकीदारीची जागा देऊ केलीय. ताईची नजर आता अधू झालीय. ती मला म्हणाली, "सहा वरसं वाट बगितली, भाऊ. आता परत न्हाई व्हायची माज्याच्यानं."

आता मुद्द्याचं. पोस्टाच्या वरच्या कचेरीतून इंग्रजीत पत्र आलं. ते वाडीतल्या एका शहाण्यानं वाचलं. त्यात तात्याबाची दोन नावं आहेत आणि मधे 'एलियस' असा शब्द आहे. शहाण्यानं सांगितलं की बेचाळीसनंतर चावडीवर पकडवॉरंटाचे कागद चिकटवत होते, त्यांत प्रत्येक नावापुढं हाच शब्द असायचा. हा फरारी माणसाचा शब्द आहे. झालं, सरकारनं हरणाच्या पोराला फरारी केलं म्हणून वाडीभर बोभाटा. ताईनं जेवण सोडलंय. तात्याबा कागद घेऊन माझ्याकडं आलाय. माझं इंग्रजी बोर्डिंगातच राहिलं, हे तुला माहीत आहे. पत्राची नक्कल सोबत धाडतोय. तो शब्द काय आहे आणि आमच्या पोरानं काय गुन्हा केलाय, ते उलट टपाली कळव.

तुझा,
भाऊसो

*

वाई,
ता. १६ फेब्रुवारी १९४६

प्रिय भाऊसो,

शिव्या उधार ठेवतो, भेटलास की व्याजासह देईन. मेंढीच्या दुधाची आठवण काढायची काही गरज नव्हती.

पहिल्यांदा हरणाताईंना जेवायला घाल. तुझ्या भाच्यानं कसलाही गुन्हा केलेला नाही. पोस्टाच्या साहेबाचं म्हणणं इतकंच आहे की पलटणीच्या डिस्चार्ज बुकात नाव आहे बिराप्पा मायाप्पा बनगर आणि शाळेच्या दाखल्यावर आहे तात्याबा मायाप्पा बनगर. दोन कागद, दोन नावं, मग माणूस एक कशावरून? हल्ली दुसऱ्याचे लढाईचे कागद दाखवून नोकऱ्या लाटणारे निघालेत, म्हणून शेवटी तसल्या माणसावर खटला भरू अशी धमकीची एक ओळ आहे. ती सगळ्यांनाच घालतात.

आता तो शब्द. एलियस हा मूळचा लॅटिन भाषेतला, आणि त्याचा अर्थ सांगायला मला मराठीत एक नामी शब्द सापडलाय: एरवी. कागदावर हा बिराप्पा, एरवी ज्याला तात्याबा म्हणतात तो. बस्स, याहून जास्त त्यात काही नाही. आपण ऊर्फ लिहितो तसंच. पोलिसांना हा शब्द फार लागतो, कारण चोर नावं बदलतात. पण पोलीस टोपी घालतात म्हणून टोपी घालणारा प्रत्येक जण पोलीस होत नाही. इंग्रज लोक हा शब्द कोर्टकचेरीतच जास्त वापरतात, घरात लाडाचं नाव असेल तर त्याला दुसरे शब्द आहेत. पण कचेरीतल्या कारकुनाला लाडाशी काय करायचंय? त्यानं आपला हाताशी होता तो ठोकून दिला.

करायचं ते असं. साताऱ्याला मॅजिस्ट्रेटपुढं प्रतिज्ञापत्र द्यायचं की बिराप्पा एलियस तात्याबा हा एकच इसम आहे. ते आई किंवा बापानंच द्यायचं असं पत्रात स्पष्ट म्हटलंय, म्हणजे ते ताईंनाच द्यावं लागेल. मेअखेर कागद पोचला पाहिजे. अर्ध्या तासाचं काम आहे. येताना ताईंना साताऱ्याचे कंदी पेढे खायला घाल.

एक कुतूहल म्हणून विचारतो, या गड्याला दोन नावं ठेवली कुणी?

तुझा,
नाथाजी

*

माधवनगर,
ता. २१ मार्च १९४६

नाथाजी,

तुझं अर्ध्या तासाचं काम परवा साताऱ्याला झालं. झालं म्हणजे पार चिखल झाला. सविस्तर लिहितो.

तू विचारलंस नावं कुणी ठेवली. पाळण्यातलं नाव बिराप्पाच. ताईच्या सासऱ्यांचं नाव बिराप्पा, ते वारल्यावर पोर झालं म्हणून त्यांचंच ठेवलं. आता सासऱ्याचं नाव सुनेनं घ्यायचं नाही, हे तुला सांगायला नको. मग आपल्याच पोराला हाक काय मारणार? ती त्याला तात्याबा म्हणू लागली. सारी वाडी त्याला बिराप्पा म्हणते, आई तात्याबा म्हणते. दाजी गेल्यावर तीच त्याला शाळेत घालायला घेऊन गेली, मास्तरांनी नाव विचारलं, तिनं तेच सांगितलं. पलटणीत भरती झाला तेव्हा पाटलानं नाव सांगितलं, ते बिराप्पा. असे हे दोन कागद.

इतकंच नाही. आमच्या देवाचं नाव बिरोबा. ते सासऱ्यांच्या नावाजवळ जातं म्हणून ही बाई देवाचंसुद्धा नाव घेत नाही. जत्रेत साऱ्या बाया बिरोबाच्या नावानं चांगभलं म्हणून ओरडतात, आणि ही म्हणते देवाच्या नावानं चांगभलं. मी लहान असताना तिची टिंगल करायचो.

साताऱ्याला मी रजा काढून तिला आणि तात्याबाला घेऊन गेलो. मॅजिस्ट्रेट चांगला वयस्कर माणूस, बोलायला सौम्य. त्यानं आधी नवऱ्याचं नाव विचारलं. ताई थोडी थांबली आणि तिथं, भर कोर्टात, पदर सावरून तिनं उखाणा घेतला:

"खांद्यावर घोंगडं, घोंगड्याला गोंडा,
मायाप्पांचं नाव घेती, कागदावर मांडा."

कारकून हसला, पट्टेवाला हसला, साहेबसुद्धा गालात हसला आणि त्यानं नाव मांडलं. मला वाटलं, जिंकलो. मग साहेब म्हणाला, कागद वाचून दाखवल्यावर कुणीही मान हलवेल, तसं मला चालत नाही. बाई, तुमच्या मुलाची दोन्ही नावं तुमच्या तोंडानं सांगा. ताईनं तात्याबा सांगितलं. आणि दुसरं? ताई गप्प. साहेबानं परत विचारलं. तिनं खाली बघून सांगितलं, "देवाचं हाय त्येच." कुठला देव? ताई गप्प. मी मधे बोलायला गेलो तर साहेबानं मला बाहेर काढलं.

साहेबाला काय वाटलं असेल ते तूच बघ. पढवून आणलेली बाई, ऐनवेळी नाव विसरली. स्वतःच्या पोराचं नाव सांगता येत नाही ती आई कसली? त्यानं तसं बोलूनही दाखवलं. वर म्हणाला, मी तुम्हाला एक संधी देतो, दोन मेला परत या. त्या दिवशीही सांगता आलं नाही तर हा मुलगा तुमचा नाही असं समजून कागद परत धाडीन.

परतीच्या मोटारीत मीच बोललो, आणि नको ते बोललो. आता काय करू?

भाऊसो

*

वाई,
ता. २६ मार्च १९४६

प्रिय भाऊसो,

तुझं पत्र वाचून आधी हसू आलं, उखाण्याचं. नंतर मात्र फार राग आला. मॅजिस्ट्रेटचा नाही, त्या बिचाऱ्यानं आपलं काम केलं. राग आला तो या चालीचा. मेलेल्या माणसाचं नाव घेतलं तर काय आभाळ कोसळणार आहे? इंग्लंडात सून सासऱ्याला सरळ नावानं हाक मारते म्हणतात, आणि सासरे चांगले ठणठणीत असतात. भीतीपोटी बायका गप्प बसतात आणि आपण पुरुष त्याला रीत म्हणतो. इतकी वर्षं झाली तरी त्या सासऱ्याची जरब सुटत नाही म्हणजे हा म्हातारा होता तरी किती कडक?

ताईंना माझा निरोप सांग, की एकदा डोळे मिटून म्हणून टाका. उखाण्यात नवऱ्याचं नाव बसतं, तर सासऱ्याचं का बसू नये? मी करून देतो एक.

आणि तेही जमत नसेल तर दुसरी वाट आहे. तात्याबानं पलटणीच्या कचेरीला अर्ज करावा, की माझं खरं नाव तात्याबा आहे, बिराप्पा हे चुकून लागलं, दुरुस्त करून द्या. वेळ लागेल, कदाचित ही जागा जाईल, पण पुढं कटकट राहणार नाही. अर्जाचा मसुदा मी इंग्रजीत करून देतो.

तुझा,
नाथाजी

*

माधवनगर,
ता. १४ एप्रिल १९४६

नाथाजी गड्या,

तुझा निरोप मी ताईला सांगितला. पाडव्याला वाडीला गेलो होतो. त्यातलं 'म्हातारा किती कडक' हेही, माझं डोकं फिरलेलं होतं म्हणून, जसंच्या तसं सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. मग तिनं मला जे सांगितलं ते मला सख्ख्या भावाला आजवर ठाऊक नव्हतं. अठरा साली मानमोडीच्या तापाची साथ आली तेव्हा आपण दोघं बोर्डिंगात होतो, आठवतं? अर्धं बोर्डिंग अंथरुणाला खिळलं होतं.

त्या साली त्यांचं सारं बिऱ्हाड मेंढरं घेऊन कऱ्हाडच्या बाजूला एका मळ्यात बसलं होतं. ताई तेव्हा नवी नवरी, सतरा-अठरा वर्षांची. तिला ताप भरला. मळ्याचा मालक भ्याला, आजारी माणूस इथं नको, उठा म्हणाला. मेंढरं कुठं थांबवून ठेवणार? बिऱ्हाडातल्या बायका म्हणाल्या, पोर काही वाचत नाही, हिला इथंच झाडाखाली ठेवू, पुढं निघू. दाजी तेव्हा पोरसवदा, थोरल्यांपुढं तोंड उघडायची छाती नाही. तेव्हा म्हातारा पुढं आला आणि म्हणाला, मेंढरं घेऊन तुम्ही चला, मी हिच्यापाशी राहतो.

ओढ्याकाठी बाभळीखाली घोंगड्याचा आडोसा करून तो तिच्याजवळ राहिला. दोन मेंढ्या मागं ठेवून घेतल्या होत्या, त्यांचं दूध तापवून पळसाच्या द्रोणातून तिला पाजायचा. ताई म्हणाली, "सासऱ्यानं सुनंच्या तोंडात घोट घालायचा, ही रीत कुठं हाय? लोक नावं ठेवत व्हती. त्येनी कुणाचं आयकलं न्हाई. मला हरणा म्हणून हाक मारायचे. सासरी नावानं हाक मारणारं तेवढं एकच माणूस."

ती उठून बसली तेव्हा म्हातारा पडला. हिच्या अंगात त्याला उचलून बसवायचीसुद्धा ताकद नव्हती. तिथंच गेला. शेवटचं बोलला ते एवढंच, की पोरी, तू उठलीस, बास झालं.

मग ती म्हणाली, "तुझ्या मास्तराला सांग, म्या भ्याली म्हणून गप न्हाई. बाकीच्या भीत असतील. मला त्या माणसानं जीव दिला, आन् माज्यापाशी त्येला द्यायाला काय व्हतं? मान तेवढा व्हता. त्यो म्या तोंडात धरलाय. आता नोकरीसाठी त्यो सायबाच्या टेबलावर ठिवू व्हय?"

नाथाजी, मोटारीत तिला जे बोललो ते आठवून शरम वाटली. भाकरी तव्यावर करपली, ती तिनं स्वतःच्या ताटात घेतली.

दोन मेला माझी रजा मंजूर होत नाही. आमच्या खात्यात नवे माग बसवतायत, माझ्यासारख्या जॉबरनं, म्हणजे मुकादमानं, हलायचं नाही असा हुकूम आहे. तू साताऱ्याला जाशील का? तिथं जाऊन नेमकं काय करायचं ते मला सांगता येत नाही. पण ती दोघं तिथं एकटी उभी राहू नयेत.

तुझा,
भाऊसो

*

मु. वाडी, पोस्ट म्हसवड,
ता. १८ एप्रिल १९४६

तीर्थरूप नाथाजीमामांना तात्याबाचा साष्टांग नमस्कार.

भाऊसोमामांकडून कळलं की आपण माझ्यासाठी इतका खटाटोप करताय. आपले उपकार मी विसरणार नाही. पण आपल्याला विनंती आहे की साताऱ्याची तारीख आता राहू द्यावी. आईला परत त्या कठड्यात उभं करणं मला बघवणार नाही. साहेबानं तिला तू आई कसली असं विचारलं, ते मी दाराबाहेरून ऐकलं. आसामची जागा चांगली आहे. वर्षातून एकदा रजा मिळते. शेजारच्या धोंडुबाई आईकडं लक्ष ठेवतील.

आपण पलटणीतलं नाव बदलायचा मसुदा करून देतो म्हणालात, त्याबद्दलही आभारी आहे. पण ते नाव मी टाकणार नाही. कारण सांगतो, आईला मात्र कळू देऊ नये.

इटलीत एका थंडीत आम्ही नदीकाठच्या डोंगरावर होतो. गोळा जवळ पडला आणि मी खाली ओघळीत बर्फात जाऊन पडलो. लागलं फारसं नव्हतं, पण हातपाय हलेनात. बर्फात पडलं की मामा, झोप येते, आणि ती झोप फार गोड असते. मला वाटलं, आता झोपावं. वरून आमचा हवालदार अर्जुना मला शोधत होता. त्याला मी दिसत नव्हतो. तो नुसता बिराप्पा, ए बिराप्पा, म्हणून हाका मारत राहिला. मला वाटलं, आमच्या आज्याला कोण बोलावतंय? आणि आजा ओ देत नाही तर आपण तरी द्यावी, म्हणून ओ दिली. मग त्यांनी मला वर काढलं. आता हे आठवलं की हसू येतं, पण मी त्या नावानं परत आलोय. ते चुकून लागलं असं मी सरकारला लिहून देणार नाही.

तात्याबा हे नाव मला आईनं दिलं, तेही टाकणार नाही. तेव्हा दोन्ही नावं घेऊन आसामात गेलेलं बरं.

आपला आज्ञाधारक,
तात्याबा

*

सातारा,
ता. २ मे १९४६

प्रिय भाऊसो,

हे पत्र साताऱ्याहूनच लिहितोय. उद्या वाईला पोचल्यावर लिहीन म्हटलं तर तोवर मला धीर धरवणार नाही.

तुझ्या भाच्यानं मला पत्र लिहून तारीख सोडायला सांगितलं होतं, ते पत्र सोबत धाडतोय, आधी वाच. मी त्याला उत्तर लिहिलं, की यायचं नसेल तरी आईला घेऊन साताऱ्यापर्यंत ये, मला तुझ्या आईचे पाय धरायचे आहेत. ते खोटं नव्हतं. 'म्हातारा किती कडक' असं मी लिहिलं होतं, ते वाक्य पंधरा दिवस मला टोचत होतं.

आज सकाळी कोर्टाबाहेर लिंबाखाली आम्ही भेटलो. मी पाया पडायला वाकलो तर ताईंनी मला मधेच धरलं आणि विचारलं, "पोटाचं कसं हाय, मास्तर?" म्हणजे ते मेंढीचं दूध त्यांच्याही लक्षात आहे.

मग मी एक आगाऊपणा केला. तात्याबाला म्हणालो, मला जे लिहिलंस ते आईला सांग. तो नाही म्हणाला. मी म्हणालो, मग मी सांगतो. तेव्हा नाइलाजानं, जमिनीकडं बघत त्यानं सांगितलं. बर्फ म्हणजे काय, ते आधी ताईंना समजावून द्यावं लागलं. त्यांनी मधे एकदाच विचारलं, कुठल्या नावानं हाक मारली? तो म्हणाला, "आज्याच्या."

ताई लिंबाच्या बुंध्याला टेकून बसून राहिल्या. मी त्यांना म्हणालो, ताई, तुम्हाला आत जायचं नसेल तर आपण असेच परत जाऊ, कुणी तुम्हाला एक शब्द बोलणार नाही. हे मी मनापासून म्हणालो, भाऊसो. महिन्यापूर्वी मी उखाणा करून द्यायला निघालो होतो. इतक्यात पुकारा झाला. त्या उठल्या आणि आमच्यासाठी न थांबता आत गेल्या.

साहेबानं तोच प्रश्न विचारला. मुलाची दोन्ही नावं सांगा. ताईंनी दोन्ही खांद्यांवरून पदर घेतला, हात जोडले, आणि साहेबाकडं न बघता वर कुठंतरी बघत म्हणाल्या, "मामंजी, तुमचं नाव घेती. माफी करा." मग स्वच्छ आवाजात, सगळ्या कोर्टाला ऐकू जाईल असं, "बिराप्पा."

कारकुनाची लेखणी थांबली. ताईंचं मात्र थांबलं नाही. "बिराप्पा म्हंजी माजे सासरे. मानमोडीत त्येनी मला जगिवलं आन् आपुन गेले. ह्यो माजा ल्योक, ह्येचं नाव त्येंचंच. म्या ह्येला तात्याबा म्हणती."

साहेबानं विचारलं, मग बाई, मागच्या वेळी का सांगितलं नाही? ताई म्हणाल्या, "तवा मला ठावं न्हवतं, सायेब. मला वाटत व्हतं त्येनी मला एकलीलाच जगिवलं."

साहेबाला यातलं सगळं कळलं असेल असं नाही, कारण बर्फाची गोष्ट त्याला ठाऊक नव्हती. पण आई कोण असते ते त्याला कळलं. त्यानं पट्टेवाल्याला सांगून ताईंना खुर्ची दिली. कोर्टात साक्षीदाराला खुर्ची मिळालेली मी पहिल्यांदाच पाहिली. मागच्या वेळी मी तुम्हाला बोललो त्याचं वाईट वाटतं, असंही तो म्हणाला. ताई म्हणाल्या, तुमी तुमचं काम केलंसा. मग त्यांनी अंगठा उमटवला, शिक्का बसला, आणि तात्याबाला आत बोलावलं तर तो दारात उभा राहून लहान पोरासारखा डोळे पुसत होता.

नंतर आम्ही चहा प्यायला बसलो. ताईंनी तो कागद माझ्यापुढं केला आणि विचारलं, ह्यात मामंजींचं नाव कुठलं? मी बोट ठेवून दाखवलं. आन् पोराचं? तेही दाखवलं. आन् ह्ये मधी काय लिवलंय? मी सांगितलं, हाच तो शब्द ज्याच्यापायी तुम्ही जेवण सोडलं होतं. त्याचा अर्थ इतकाच, की अलीकडचा आणि पलीकडचा एकच. त्यांनी तो शब्द डोळ्यांजवळ नेऊन बघितला. म्हणाल्या, "मंग मधी मीच हाय की."

मी पंधरा वर्षं पोरांना इंग्रजी शब्दांचे अर्थ सांगतोय. माझ्याकडून असा अर्थ कुणी काढून घेतला नव्हता. भाऊसो, तुझी रजा मंजूर झाली नाही याबद्दल मी तुझ्या गिरणीचा जन्माचा आभारी आहे.

प्रतिज्ञापत्र आजच रजिस्टर करून धाडलंय. पेढे खाल्ले. ताईंनी माझ्या मुलांसाठी बांधून दिले, मी नको म्हणत असताना.

तुझा,
नाथाजी

*

माधवनगर,
ता. २३ जून १९४६

नाथाजी गड्या,

तात्याबाची ऑर्डर आली. दहिवडीच्या भागातच मिळालंय. परवा तो खाकी डगला चढवून वाडीत गेला तर कुत्री अंगावर आली म्हणे. आसामच्या साहेबाला त्यानं आभाराचं पत्र टाकलं, ते इंग्रजीत मी करून दिलं. तेव्हा त्यात चुका असणार.

तुझं पत्र मी ताईला वाचून दाखवलं, सगळं, पहिल्यापासून. तू पाय धरायला आला होतास ते आल्यावर हसली. तुझ्या बायकोसाठी तिनं स्वतः लोकर कातून एक घोंगडी विणायला दिलीय, ती दसऱ्यापर्यंत पोचती करीन. नको म्हणू नकोस, ती ऐकत नाही. माझ्याकडून तुला द्यायला काही नाही, गड्या. त्या दिवशी तू तिच्यापाशी उभा राहिलास, हे मी मरेपर्यंत लक्षात ठेवीन, एवढंच.

एक गंमत सांगायची राहिली. मी गेलो त्या दिवशी तात्याबा कामावरून आला, आणि ताईनं आतूनच हाक मारली, "तात्या, हातपाय धू." मी म्हटलं, ताई, आता कसला संकोच? भर कोर्टात नाव घेतलंस, सरकारी शिक्का बसला, आता खुशाल बिराप्पा म्हण की.

ती म्हणाली, "त्या दिशी लेकाला गरज व्हती म्हणून नाव दिलं. मामंजींनी बी बर्फात गरज व्हती तवाच दिलं न्हवं? ते रोज कुठं मागायचं?"

आणि पोराला वाढायला उठली.

तुझा,
भाऊसो